दर तोच, जबाबदारी नवी

(डोंबिवलीत भरलेल्या लघुउद्योजक आणि खरेदी अधिकाऱ्यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



'मोठ्या उद्योगाची जबाबदार आणि शाश्वत पुरवठा साखळी' असा भारदस्त विषय कार्यक्रमपत्रिकेत छापला आहे आणि अध्यक्षाने देशविदेशाचा आढावा घ्यावा अशी अपेक्षा आहे. तो असा.

२४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा कोसळली, अकराशेहून अधिक माणसे गेली. आपले कपडे कुठल्या छताखाली शिवले जातात, हे त्यानंतर युरोपातली गिऱ्हाइके मोठ्या आवाजात विचारू लागली. जर्मनीने १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदाच लागू केला; कळव्यात कारखाना असलेली सीमेन्स मूळची तिथलीच. आपल्या सेबीने २०२१ मध्ये शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांसाठी जबाबदारीचा अहवाल आणला. २०२३ मध्ये त्यात बड्या कंपन्यांकडून पुरवठादारांचीही माहिती मागितली आणि पुढे ती ऐच्छिक करून टाकली. त्यातही, कंपनीच्या एकूण खरेदीपैकी किमान २ टक्के माल ज्याच्याकडून येतो, तोच पुरवठादार मोजायचा.

आढावा संपला. कारण या २ टक्क्यांच्या रेघेखाली डोंबिवलीतले बहुतेक गाळे येतात. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून तिचे काम सुरू झाले. तेव्हापासून मोठ्यांचे नट-बोल्ट, ब्रॅकेट, स्प्रिंगा असल्याच गाळ्यांत घडल्या आणि चकाकल्या. अहवालात मात्र त्यांना ओळ नाही.

सकाळच्या सत्रात वाद रंगला, की पुरवठादाराची तपासणी कडक हवी की त्याला आधी शिकवायला हवे. दोन्ही बाजूंनी मुद्देसूद बोलणे झाले. प्रस्तुत अध्यक्षाचा डोंबिवली एमआयडीसीच्या फेज वनमध्ये झिंक प्लेटिंगचा गाळा आहे, आणि या वादाचा निकाल त्या गाळ्यात फार पूर्वीच लागलेला आहे.

गोणीतून आलेला माल आधी ॲसिडच्या टाकीत, मग बॅरलमध्ये जस्त चढवायला, आणि शेवटी पॅसिव्हेशनच्या बाथमध्ये जातो. पूर्वी हा बाथ पिवळा असे, हेक्साव्हॅलंट क्रोमचा. हे क्रोम कर्करोगाला आमंत्रण देते. क्रोमच्या वाफेत वर्षे काढलेल्या कामगारांच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडते. युरोपने २००६ पासून विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंत त्यावर निर्बंध घातले. मग एका मोठ्या गिऱ्हाइकाचे पत्र आले: यापुढे फक्त ट्रायव्हॅलंट. योग्यच होते. पण ट्रायव्हॅलंटचे रसायन महाग आणि बाथ नखरेल. पाण्यात लोखंड जरा उतरले की रंग बिघडतो, पीएचवर नजर ठेवावी लागते, बाथ लवकर बदलावा लागतो. किलोमागे थोडा दर वाढवून मागितला, तेव्हा परचेसमधले साहेब हसून म्हणाले, "पर्यावरण तुमची जबाबदारी, रेट आमची." त्याच वर्षी त्याच कंपनीचा तपासनीस येऊन बालकामगारविरोधी धोरण भिंतीवर फ्रेम करून लावले आहे ना, याचा फोटो काढून गेला. सांडपाण्याच्या टाकीकडे तो फिरकला नाही.

त्या टाकीत काय चालते, ते इथे सांगायलाच हवे. हेक्साव्हॅलंट क्रोमचे पाणी असेल तर त्याला आधी ॲसिडमध्ये मेटाबायसल्फाइट द्यायचे, मग चुना; गाळ खाली बसला की फिल्टरप्रेसमधून त्याच्या हिरवट वड्या काढायच्या, पोत्यांत भरायच्या आणि घातक कचऱ्याच्या केंद्रात तळोज्याला पैसे मोजून पाठवायच्या. हा खर्च जॉबवर्कच्या दरात कोणीच धरत नाही. जो कारखानदार तो करतो, तो शेजाऱ्यापेक्षा महाग पडतो आणि पुढची ऑर्डर शेजाऱ्याला जाते. तपासणी कडक करा नाहीतर शिकवा. खरेदीचा नियम असा असेल तर दोन्ही वाया.

रसायन उघड्यावर सुटले की काय होते, हे आपण पाहिले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडले गेले आणि शेकडो लोक रुग्णालयात पोहोचले. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणावरून कोट्यवधींची भरपाई लादली. २०२० मध्ये डोंबिवलीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री पाहायला आले. प्रत्येक वेळी कारखानदार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्यावर बोट गेले, ते जायलाच हवे. पण खरेदीदाराच्या दरपत्रकावर एकदाही गेले नाही.

आता पैशाचे. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करायचे. नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. हे व्याज मागून पुढची ऑर्डर टिकवणारा माणूस अध्यक्षाला अजून भेटलेला नाही. एप्रिल २०२४ पासून आयकराचे कलम ४३बी(एच) आले: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षीच. त्यानंतर एका गिऱ्हाइकाचा गोड आवाजात फोन आला, "तुमची लघुउद्योगाची उद्यम नोंदणी तेवढी रद्द करता का?" याच कंपनीच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर हिरवे पान छापलेले असते.

दुपारी कारखान्यांच्या स्थलांतराचा विषय निघाला. २६ मे २०१६ ला डोंबिवलीतल्या प्रोबेस कारखान्यात स्फोट झाला, २३ मे २०२४ ला अमुदान कारखान्यात. दोन्ही वेळा दहाहून अधिक बळी. धोकादायक कारखाने पाताळगंगेच्या औद्योगिक क्षेत्रात हलवा, ही मागणी चुकीची नाही. वस्ती कारखान्याच्या भिंतीला टेकली आहे, आणि तिला परवानगी कोणी दिली हा वेगळ्या भाषणाचा विषय. मात्र २०१६ च्या स्फोटाने दूरदूरच्या काचा फुटल्या, तशा प्रस्तुत अध्यक्षाच्या गाळ्याच्याही फुटल्या; दुसऱ्या दिवशी सकाळी आलेल्या पहिल्या फोनवर विचारणा होती, "माल कधी निघतोय?" माणसे ठीक आहेत का, हे नंतरही कोणी विचारले नाही. तोच दर आणि तीच घाई घेऊन कारखाने पाताळगंगेला गेले, तर नुसता पत्ता बदलेल.

पुढच्या कामांबद्दल दोन शब्द. प्लेटिंग, पावडर कोटिंग, हीट ट्रीटमेंट यांच्या जॉबवर्कचा नमुना खर्चतक्ता परिषदेने करावा आणि त्यात सांडपाणी व गाळ यांना वेगळा रकाना द्यावा. त्यासाठी छोटी समिती नेमू. सदस्य कोण, बैठका कधी, हे चहाच्या वेळी ठरवता येईल. ठाणे, अंबरनाथ, बदलापूरची मंडळीही घ्यावीत.

परचेसमधल्या अधिकाऱ्यांना एकच विनंती. पुढची परचेस ऑर्डर काढताना शुद्धीकरणाचा खर्च दरात न मुरवता वेगळ्या ओळीत लिहा, आणि बिल ४५ दिवसांच्या आत सोडा. ज्यांना हे जमेल त्यांनी आपले नाव दाराशी ठेवलेल्या वहीत लिहावे. त्यांना आमच्याकडून तपासणीचे फॉर्म भरून मिळतील.