अन्नदानाची पंगत शाळेपर्यंत जावी
(मंदिर जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



नातेपुत्याला अन्नदान कोणी शिकवावयास नको. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि नातेपुत्यास मुक्कामाला येते. त्या रात्री घराघरातली चूल वारकऱ्यांसाठी पेटते. कोण कुठला, कोणत्या जातीचा, हे कोणी विचारीत नाही. आज मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होत असताना याच पुण्यकर्माचा एक धागा पुढे नेण्याची विनंती आहे. वारकरी वर्षातून एकदा येतो. शाळेतले भुकेले लेकरू रोज येते.

शेतमजुराच्या घरची सकाळ आपणा सर्वांना ठाऊक आहे. आई दिवस उगवताच खुरपणीला जाते. मूल कपभर चहा आणि शिळी भाकरी खाऊन, कधी तेवढेही न खाता, दप्तर उचलते. दहा वाजेपर्यंत फळ्यावरची अक्षरे त्याच्यापुढे फिरू लागतात. गुरुजी म्हणतात, मुलाचे लक्ष नाही. लक्ष असते, पण ते पोटात असते. पोट भरले तरी पुरत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. नुसत्या भाकरी-चटणीने भूक भागते. परंतु डाळ, शेंगदाणे, मटकी, पालेभाजी, दूध यांवाचून हाड, रक्त आणि बुद्धी यांची वाढ नीट होत नाही. असे मूल वारंवार आजारी पडते आणि प्रत्येक आजारात आणखी खंगते.

हे दुखणे एकट्या गावाचे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी सुमारे 35 मुले वयाच्या मानाने खुजी आणि 36 मुले वजनाने कमी आढळली. उसाच्या आणि दुधाच्या महाराष्ट्राला हे भूषणावह नाही.

मुलांना जेवू घालण्याची परंपरा मात्र आपल्याकडे जुनी आहे. 1877 च्या दुष्काळात महात्मा फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालविले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांच्या शिध्यासाठी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. 1972 च्या दुष्काळात मिळालेल्या सुकडीची चव साठी ओलांडलेल्यांच्या जिभेवर अजून आहे.

पुढे 1975 साली अंगणवाडीची एकात्मिक बालविकास योजना आणि 15 ऑगस्ट 1995 रोजी शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. आरंभी आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत असे. तो घरच्या सर्वांच्या ताटात वाटला जाई. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेतच शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि खिचडीची पातेली शाळेच्या आवारात चढली. आज पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. या पंगतीत सर्व मुले मांडीला मांडी लावून बसतात, हा तिचा दुसरा मोठा लाभ. वारीत जे साधते, ते शाळेत रोज साधावे.

मग गावाने काय करावे? सरकारी शिधा हा पाया आहे. त्यावर कळस गावाने चढवावा. या योजनेतच लोकांनी मुलांना जेवण देण्याची सोय आहे. महाराष्ट्रात तिला स्नेहभोजन म्हणतात. मुलाचा वाढदिवस, वडिलांचे वर्षश्राद्ध, घराची वास्तुशांती यानिमित्त एक दिवस शाळेला केळी, शेंगदाण्याचे लाडू किंवा उसळ द्यावी. शंभर मुलांना 20 ग्रॅमप्रमाणे अधिकची डाळ द्यावयाची तर ती अवघी दोन किलो लागते. लग्नातल्या एका पंगतीत त्याहून अधिक अन्न उष्ट्यात जाते. द्यावयाचे ते मुख्याध्यापकांना विचारून, ताजे आणि स्वच्छ द्यावे.

आणखी एक लेकरू विसरू नये. हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या माळशिरस तालुक्यात उतरतात. त्यांची मुले गावची शाळा आणि तिथला आहार मागे टाकून फडात येतात. कोपीत राहणाऱ्या त्या मुलांना जवळच्या शाळेत आणि अंगणवाडीत नेऊन बसविणे, हे आपल्या शिवारातले काम आहे. त्यांनी तोडलेल्या उसाच्या पैशातून या मंदिराच्या दगडालाही हातभार लागला आहे.

देवाला नैवेद्य दाखवितो, तो देवाला भूक लागते म्हणून नव्हे. आपण अन्न एकट्याने खाऊ नये, ही आठवण राहावी म्हणून. ती आठवण गाभाऱ्यातून शाळेच्या ओट्यापर्यंत पोहोचली, तर हा जीर्णोद्धार केवळ दगड-चुन्याचा राहणार नाही. आज कळसाला हात जोडताना प्रत्येक घराने वर्षातला एक दिवस शाळेच्या पंगतीसाठी मनाशी नक्की करावा, एवढीच प्रार्थना.

रामकृष्ण हरी!