यीस्टचा त्रास आणि आपले ताट

(संघाच्या महिला व विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करतो आणि आमची पदवी कला शाखेची आहे. तेव्हा औषधाची चिठ्ठी आमच्याकडे कोणी मागू नये. मात्र आकडा जुळतो की नाही हे पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय नोकरीने लावली आहे. आजच्या विषयात जुळवून पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

विषय थोडा लाजेचा आहे. अंगावरून पांढरे जाणे, जांघेत व जागेवर खाज येणे, लघवीला आग होणे, लहान बाळाच्या तोंडात दह्यासारखा पांढरा थर बसणे, लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्या कुजल्यासारख्या होणे. या सगळ्यांमागे पुष्कळदा एकच जीव असतो. त्याचे नाव कँडिडा. तो यीस्टच्या जातीचा, म्हणजे बुरशीच्या कुळातला. आपल्याकडे या त्रासाला 'उष्णता झाली' असे म्हणतात, आणि उष्णता म्हटली की पहिली कुऱ्हाड पडते ती बाईच्या ताटावर. अंडे बंद, सुकट-बोंबील बंद, मटण बंद, गूळ बंद. अलीकडे यात नवी भर पडली आहे. 'पोटात यीस्ट वाढले आहे, आहार बदला' असे सांगणारे छापील तक्ते आणि मोबाईलवरचे संदेश घरोघर फिरतात. त्या तक्त्यांमुळेच आम्ही आज येथे उभे आहोत.

प्रथम लाजेबद्दल. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा अहवाल १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगापैकी काही ना काही होते, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे दुखणे घरोघर आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचलेली बाई शंभरात आठ. गडचिरोली आपल्यापासून दूर आहे खरे, पण आमच्या आई-मावश्यांच्या पिढीत कर्जत-खालापुरात चित्र वेगळे होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आता हे यीस्ट करते काय? आपल्या भागात ताडी सर्वांच्या माहितीची आहे. पहाटे झाडावरून उतरवलेला रस गोड असतो, दुपारपर्यंत तो फसफसतो आणि चढतो. हवेतले आणि मडक्यातले यीस्ट त्यातली साखर खाते म्हणून असे होते. यावरून सरळ निष्कर्ष निघतो की, शरीरात यीस्ट आहे, ते साखर खाते, तेव्हा साखर, भात, भाकरी, फळे सारे बंद केले की ते उपाशी मरेल. ऐकायला पटते. सोपे आणि पटणारे असल्यामुळेच ते इतके पसरले.

हा विचार अमेरिकेतून आला. १९८३ साली डॉ. विल्यम क्रुक यांचे 'द यीस्ट कनेक्शन' हे पुस्तक निघाले आणि खूप खपले. थकवा, डोकेदुखी, पोट फुगणे, उदास वाटणे, सगळ्याचे मूळ यीस्ट असे त्याचे म्हणणे होते. साखर, पाव आणि आंबवलेले पदार्थ सोडा, असा त्यात आहार होता. परंतु तेथील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने १९८६ साली स्पष्ट सांगितले की हे सारे अनुमान आहे, सिद्ध झालेले नाही. पुढे १९९० साली अलाबामा येथील डॉक्टरांनी अशा तक्रारी असलेल्या स्त्रियांना काही काळ यीस्टनाशक निस्टॅटिन दिले आणि काही काळ औषध नसलेल्या नकली गोळ्या. कोणाला केव्हा काय मिळाले हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. जागेवरची खाज औषधाने कमी झाली. थकवा व उदासी मात्र नकली गोळीनेही तेवढीच कमी झाली. म्हणजे खरे यीस्ट जेथे होते तेथे औषध लागू पडले, आणि जेथे नुसते नाव होते तेथे औषध काय नि गोळी काय, सारखेच.

आणि साखरेचे काय? १९९९ साली जर्मनीतील संशोधकांनी निरोगी माणसांना जादा साखरेचा आहार देऊन आतड्यातले कँडिडा मोजले. फरक पडला तो नगण्य. कारण उघड आहे. माणूस म्हणजे ताडीचे मडके नव्हे. खाल्लेली साखर लहान आतड्यातून रक्तात जाते आणि निरोगी शरीर रक्तातली साखर ठरलेल्या मर्यादेत ठेवते. चहात दोन चमचे जास्त पडले म्हणून ती साखर उद्या जांघेत जाऊन बसत नाही. कँडिडा तर असंख्य निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि स्त्रियांच्या योनीमार्गात शांतपणे राहतच असते. तेथले चांगले जिवाणू त्याला आवरून धरतात. ते जिवाणू अँटिबायोटिकने मेले, गरोदरपण आले, स्टिरॉइडची औषधे चालू असली, एचआयव्हीसारख्या आजाराने प्रतिकारशक्ती उतरली, किंवा मधुमेह झाला, की त्याला मोकळे रान मिळते.

मधुमेह! आमच्या सगळ्या भाषणाचा भर या एका शब्दावर आहे. मधुमेहात रक्तातली साखर वाढते, ती लघवीवाटे आणि ओलसर त्वचेवर उतरते, आणि मग मात्र ताडीच्या मडक्याचे उदाहरण खरे होऊ लागते. याचा पुरावा आज मेडिकलच्या दुकानात पाहायला मिळतो. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे जादा साखर लघवीतून बाहेर टाकतात. त्यांचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम कोणता, तर जागेवरचा यीस्टचा संसर्ग. स्त्रियांत जास्त, पण पुरुषांतही होतो. आपल्यापैकी जे ही गोळी घेतात त्यांनी घाबरून ती आपल्या मनाने थांबवू नये. लघवीनंतर जागा धुवावी, कोरडी करावी आणि त्रास झाल्यास डॉक्टरांना सांगावे. पुरुषमंडळींना विशेष सांगणे की, शिश्नाच्या पुढच्या कातडीला वारंवार खाज येणे, चिरा पडणे ही कधी कधी मधुमेहाची पहिली खूण असते. ती लपवून मलम चोळत बसू नये.

आमच्या परिचयाच्या एका घरातली गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. चाळिशीच्या आतली बाई, शेती आणि घर दोन्ही ओढणारी. वर्षभरात चार वेळा तोच त्रास. शहरातल्या एका आहार-सल्लागाराने तिला तीन महिन्यांचा तक्ता दिला. त्यात भात, भाकरी, डाळी, दूध, फळे, शेंगदाणे सगळे बंद, आणि सोबत चुर्णाचे महागडे डबे. बाईने तक्ता इमानाने पाळला. वजन उतरले तेव्हा घरच्यांना वाटले, गुण येतो आहे. खाज थांबली नाही. शेवटी दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासले तेव्हा साखर तीनशेच्या पुढे निघाली. वजन उतरले होते ते निम्मे उपासमारीने आणि निम्मे मधुमेहाने. औषध सुरू झाले, साखर ताब्यात आली आणि यीस्टचा त्रासही थांबला. रक्ताची ती चाचणी एका डब्याच्या किमतीत कितीतरी वेळा झाली असती.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपल्या समाजाला या रोगाची ओळख नवी नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि १९४८ सालच्या विवाहानंतर माईसाहेब, ज्या स्वतः डॉक्टर होत्या, त्यांच्या पथ्यपाण्याची व औषधांची काळजी घेत, हे आपण वाचलेले आहे. जयंतीच्या मांडवात हा तपशील कोणी सांगत नाही. सांगायला हवा, असे आम्हाला वाटते.

तर मग आहाराचा काही उपयोगच नाही काय? आहे. पण यीस्टला उपाशी मारण्यासाठी नव्हे, तर साखर आवरण्यासाठी आणि रक्त भरून काढण्यासाठी. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. अशा बाईच्या ताटातून उष्णतेच्या नावाखाली अंडे आणि मासळी काढणे म्हणजे कर्जबाजारी माणसाच्या खात्यातून आणखी रक्कम काढणे होय.

आपला मुलूख भाताचा. कर्जतच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या भाताच्या जाती कोकणभर पिकतात. 'भात सोडा' असे येथे सांगणे म्हणजे हवेत बोलणे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी भाताचा डोंगर कमी करून त्या जागी वालाची उसळ, डाळ, चवळी आणि भाजी वाढवावी. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, कंटोळी अशा रानभाज्या फुकट उगवतात, त्या 'गरिबांचे खाणे' म्हणून मुलांसमोर हिणवू नयेत. नाचणी चांगली, तिच्यात १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पण नाचणीची भाकरी कितीही खाल्ली तरी साखर वाढत नाही, हा समज खोटा आहे. तीही पिष्टाचीच. खरा चोर दुसरीकडेच असतो. खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा आपला तरुण दिवसातून पाच चहा घेतो. दोन चमचे प्रमाणे दहा चमचे झाले, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास साखर. वर थंड पेयाची बाटली वेगळीच.

इडली, पाव, ताक, आंबील यांना यीस्टच्या भीतीने कोणी घाबरू नये. पावातले यीस्ट निराळे, शिवाय ते भट्टीत मरते. इडलीचे पीठ तर मुख्यत्वे जिवाणूंमुळे फुगते. उलट 'दही खा, बरे वाटेल' असेही सांगतात. १९९२ साली अमेरिकेत एका छोट्या प्रयोगात विशिष्ट जिवाणूंच्या दह्याने फायदा दिसला होता. पण २००४ साली ऑस्ट्रेलियात दोनशेहून अधिक स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात तशा जिवाणूंनी अँटिबायोटिकनंतरचा संसर्ग टळला नाही. दही अवश्य खावे, ते दही म्हणून खावे. जागेवर दही, लसूण किंवा खाण्याचा सोडा लावण्याचे प्रकार मात्र बंद करावेत.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. लावणीत दिवसभर चिखलात आणि ओल्या लुगड्यात काम करणाऱ्या बाईला ओले कपडे बदला म्हणणे सोपे आहे, पण शेताच्या बांधावर आडोसा कोठे आहे? हा प्रश्न बाईने एकटीने सोडवायचा नाही, घरच्यांनी आणि गावाने सोडवायचा आहे. निदान घरी आल्यावर आधी कोरडे होऊन मग चूल, एवढे तरी घरातल्यांनी होऊ द्यावे. आतले कपडे सुती असावेत आणि उन्हात वाळवावेत. लाजेने साडीखाली झाकून सावलीत वाळवलेले कपडे दमटच राहतात.

मेडिकलमधून 'खाजेचे मलम द्या' म्हणून जी ट्यूब आणली जाते तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, नंतर बुरशी दुप्पट जोमाने पसरते. खऱ्या यीस्टवर क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा फ्लुकोनाझोलची एकच मात्रा बहुतेक वेळा पुरते. गरोदर बाईने मात्र फ्लुकोनाझोल आपल्या मनाने मुळीच घेऊ नये.

शिवाय प्रत्येक पांढरे जाणे यीस्ट नसते. पाळीच्या मधल्या दिवसांतला पातळ स्राव नैसर्गिक असतो. दह्याच्या गुठळ्यांसारखा आणि खाज आणणारा असेल तर यीस्टची शंका घ्यावी. घाण वास, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणे, संबंधानंतर रक्त जाणे किंवा पाळी बंद झाल्यावर काहीही जाणे, अशा वेळी आहार आणि घरगुती उपाय बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जावे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या खुणाही अशाच असू शकतात.

जायचे कोठे? कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा सरकारी कार्यक्रम उपकेंद्रापर्यंत आलेला आहे. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा यीस्टचा त्रास झालेल्या बाईने उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी या दोन तपासण्या मागून घ्याव्यात. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी साडेसहा किंवा अधिक आल्यास मधुमेह धरतात, आणि डॉक्टर खात्रीसाठी पुन्हा तपासतात. जिला खाजेबद्दल बोलायला संकोच वाटतो तिने आशाताईंना 'मला शुगर तपासायची आहे' एवढे सांगितले तरी सुरुवातीला पुरे. बाकीचे आत गेल्यावर नर्सबाईंशी बोलता येते.