आधीं सांगाडा, मग अवयव

वसईच्या किनाऱ्यावर नाव बांधावयाची म्हणजे आरंभ सुट्या फळीपासून होत नाहीं. प्रथम पठाण, म्हणजे नावेचा कणा, मांडला जातो. त्यास पुढें नाळ जोडली जाते. फळी किती लांब हवी, तिला बांक किती द्यावा, हें तो कणाच ठरवितो. सुरेख तासलेली फळी कण्याशीं जुळली नाहीं, तर ती जळणाच्या ढिगांत जाते. यंत्रमानव बांधणाऱ्या विद्यार्थ्यांनीं शिकावयाची जी ‘वरून खालीं’ येणारी रचनापद्धति, तिचें मर्म याहून निराळें नाहीं.

ही विद्या आतां परकी राहिलेली नाहीं. वसई रोडचें विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ सालीं निघालें. विरारकडेही असें शिक्षण मिळतें. आशिया व पॅसिफिक देशांतील प्रक्षेपणसंस्थांच्या संघानें २००२ सालीं विद्यार्थ्यांसाठीं ‘रोबोकॉन’ ही स्पर्धा सुरू केली. २००८ सालीं ती पुण्यास भरली, तेव्हां तिचा विषय गोविंदा व दहीहंडी हा होता. तो मोठा समर्पक होता. कारण हंडीची उंची पाहूनच किती थर लावावयाचे व कोणी कोठें उभें राहावयाचें, हें गोविंदा ठरवितात.

तथापि नवशिके पथक बहुधा उलट वाटेनें जातें. एक जण चाकांचा पाया रेखाटतो, दुसरा हात, तिसरा उचलण्याची यंत्रणा, चौथा विजेची मांडणी. प्रत्येकाची आकृति निर्दोष असते. जुळणीच्या दिवशीं मात्र हात खालीं येतांना बॅटरीवर आदळतो, आणि एका पत्र्याचीं भोंकें दुसऱ्याशीं जुळत नाहींत. कापलेलें ॲल्युमिनियम वायां जातें आणि स्पर्धेचा दिवस तर पुढें ढकलतां येत नाहीं. येथें कौशल्य उणें नसतें. सर्वांचें माप एका ठिकाणीं ठरलेलें नसतें, एवढेंच.

संगणकावर आकृति रेखाटण्याच्या विद्येस कॅड म्हणतात. १९६३ सालीं आयव्हन सदरलंड यांनीं ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सिद्ध केली. तींतही एका रेषेचा दुसरीशीं संबंध बांधून ठेवण्याची सोय होती. या संबंधांवरच प्रस्तुत पद्धति उभी आहे. प्रथम एकच मूळ रेखाकृति काढावी. तींत जमिनीची रेषा, नियमांनीं घातलेली उंची-रुंदीची मर्यादा, चाकांचे मध्यबिंदु, हाताचा आंस आणि हात मिटलेला व पसरलेला अशा दोन्ही स्थिति दाखवाव्या. मुख्य मापांस नांवें देऊन तीं एका कोष्टकांत ठेवावीं. पुढें प्रत्येक भागानें आपलें माप या सांगाड्यापासून घ्यावें, शेजारच्या भागापासून घेऊं नये. शेजाऱ्याच्या आधारानें शेजारी उभा राहिला, तर एकाच्या बदलानें दुसरा कोसळतो.

एक हिशेब पाहावा. दोन गिअर आहेत, एक २० दात्यांचा व दुसरा ६० दात्यांचा. मोड्यूल, म्हणजे दात्याच्या आकाराचें माप, २ मिलिमीटर. दात्यांच्या बेरजेस मोड्यूलनें गुणून निम्मे केलें असतां दोन आंसांमधील अंतर ८० मिलिमीटर येतें. हात अधिक जोरानें उचलावा म्हणून मोठा गिअर ६४ दात्यांचा केला, तर अंतर ८४ होतें. सुट्या आकृत्यांत दोन्ही बाजूंच्या पत्र्यांचीं भोंकें, आच्छादन व आधार हीं सारीं हातानें सरकवावीं लागतात, आणि एखादें हटकून राहतें. सांगाडा असेल तर एक आंकडा बदलावा. बाकीचें आपोआप मागें येतें.

या गुणाबरोबर दोषही येतो. सांगाड्यांतील चूक सर्वत्र पसरते. म्हणून तो एकानेंच सांभाळावा आणि बदल सर्वांस विचारून करावा. त्यांत प्रत्येक स्क्रू कोंबूं नये. मोटार व बेअरिंग विकत येतात. त्यांचीं मापें प्रथम मोजून घ्यावीं व सांगाडा त्यांस मानून काढावा. शिकणाऱ्यानें आरंभीं चार चाकांची साधी गाडी रेखाटावी, दोन चाकांमधील अंतराचा आंकडा बदलावा आणि काय मोडतें तें पाहावें. जें मोडेल तेंच त्याचा गुरु होय.

पथकांतील मुलें पदवी घेऊन निघून जातात आणि त्यांच्या हस्तकौशल्याचा वारसा सहसा त्यांच्याबरोबरच जातो. परंतु हें अंतर इतकेंच कां, हा हात येथेंच कां, हें सांगाड्यांत नांवानिशीं लिहिलेलें असेल, तर पुढील वर्षींचा नवखा विद्यार्थीही तें वाचूं शकतो. आपल्या सुबक भागाचा मोह आवरून आधीं सर्वांच्या संमतीचा कणा मांडणें, हें शिक्षण यंत्राच्या निमित्तानें मिळत असलें, तरी त्याचा उपयोग यंत्रापुरताच राहत नाहीं.