युरिया बसवायचा कुठे?



सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या जळकोटला जकात काही नवी नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. करोडगिरी हा शब्द तुम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल. आता परदेशी माल मुंबईसारख्या बंदरात उतरतो, आणि पहिला प्रश्न येतो तो हा, की जकातीच्या यादीत तो बसवायचा कुठे?

ही यादी १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याची. तिचे २९ वे प्रकरण सेंद्रिय रसायनांचे. सेंद्रिय म्हणजे इथे शेणखत नव्हे बरं का, कार्बनची संयुगे! मग युरिया तिथेच हवा. १८२८ साली व्होलरने प्रयोगशाळेत बनवला तो हाच. पण यादी त्याला, कितीही शुद्ध असो, ३१ व्या प्रकरणात, खतांत घालते.

कीटकनाशकाची गंमत वेगळीच. शुद्ध रसायन पिंपातून आले तर ते साधारणपणे २९ मध्ये. तेच फवारणीसाठी मिसळून, किंवा किरकोळ विक्रीच्या पुड्यांत भरून आले, की ३८ मध्ये. प्रकरण बदलले की दर बदलू शकतो, आणि वाढलेला दर दुकानात तुमच्याच खिशातून जातो. म्हणून शंका आली, की अधिकारी नुसती चिठ्ठी वाचून माल सोडत नाहीत. नमुना प्रयोगशाळेत धाडतात.