बीजाविना वाढणारी केळी

जळगाव जिल्ह्यात केळीची नवी बाग लावावयाची असता शेतकरी बियाणे शोधीत नाही. जुन्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेला जोमदार मुनवा तो काढून लावतो, किंवा ऊतिसंवर्धित रोपे आणतो. दोन्ही रीतींत नवे झाड हा जुन्या झाडाचाच विस्तार असतो. यालाच अलैंगिक प्रजनन म्हणतात.

रानकेळीच्या पेशीत २२ गुणसूत्रे असतात आणि तिचे फळ टणक बियांनी भरलेले असते. लागवडीतील बसराई किंवा ग्रँड नैन केळीत गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. तीन संचांची बीजपेशींत सारखी वाटणी होत नाही; म्हणून बी धरत नाही. मात्र परागीभवनावाचूनही फळ पोसते.

अशा वनस्पतीची जाती कशी ठरवावी? अर्न्स्ट मायर यांच्या १९४२ मधील व्याख्येनुसार, आपसांत प्रजनन करणारा व इतरांपासून प्रजननदृष्ट्या अलग असलेला जीवसमूह म्हणजे जाती. ही कसोटी वांझ केळीला लावता येत नाही. लिनीअस यांनी खाण्याच्या केळींना दोन स्वतंत्र जातींची नावे दिली होती. १९५५ मध्ये सिमंड्स व शेफर्ड यांनी दाखवून दिले की, बहुतेक लागवडीच्या केळींचे मूळ ‘मुसा ॲक्युमिनाटा’ व ‘मुसा बाल्बिसियाना’ या दोन रानजातींत आहे. तेव्हापासून वाणांची वर्गवारी या दोहोंकडून आलेल्या गुणसूत्रसंचांवरून होऊ लागली.

अलैंगिक प्रजननात उत्क्रांती अजिबात थांबते, असे मात्र नाही. कोंबातील आकस्मिक बदल मुनव्यांतून पुढे जातात. बुटकी बसराई व तिच्याहून उंच ग्रँड नैन ही एकाच कॅव्हेंडिश गटातील भावंडे अशाच बदलांतून निपजली. परंतु दोन झाडांतील दोन चांगले गुण एका संततीत एकत्र येण्याचा मार्ग येथे बंद असतो.

याची किंमत मोठी आहे. सारी झाडे एकसारखी असल्याने एका झाडाला मारणारा रोग साऱ्या बागेला मारू शकतो. मध्य अमेरिकेतील ‘ग्रो मिशेल’ या वाणाच्या बागा मातीतील बुरशीमुळे होणाऱ्या पनामा मर रोगाने उद्ध्वस्त केल्या आणि १९६० च्या दशकापर्यंत निर्यातीच्या व्यापारात त्याची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशवरही चालून आला आहे. २०१९ मध्ये तो कोलंबियात आढळला.

म्हणून निरोगी मुनवे व रोपे निवडणे ही शेतकऱ्याची पहिली दक्षता होय. त्याचबरोबर स्थानिक वाण आणि ईशान्य भारतातील रानकेळी यांचे जतन व्हावयास हवे. खाण्यास निरुपयोगी वाटणाऱ्या त्या बियाळ फळांतच उद्याच्या केळीचा आधार दडलेला आहे.