सांभाळणाऱ्याची झोप



आपल्या बॅचने साठी ओलांडली. अनेकांच्या घरी नव्वदीकडे झुकलेले आईवडील आहेत. माझ्या आईला सहा वर्षांपासून डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. मी आणि बायको तिला सांभाळतो.

रात्री आई दार उघडून बाहेर पडायची. आम्ही दाराला छोटा सेन्सर लावला. दार उघडलं की उशाशी घंटा वाजते. आजार तसाच आहे, पण आम्हाला झोप मिळू लागली. गळ्यात जीपीएसचं लॉकेट आहे. ते रोज आठवणीने चार्ज करावं लागतं. कॅमेरा मात्र बायकोने फक्त बैठकीत लावू दिला. म्हणाली, “त्या घरातल्या आहेत, कैदी नाहीत.”

जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसपोर्ट’ हा ऑनलाइन कार्यक्रम खास सांभाळणाऱ्यांसाठी आहे. त्याच्या ५ भागांपैकी एक स्वतःची काळजी घेण्याविषयी आहे. मन खचलं तर ‘टेली मानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हे मोफत क्रमांक फोनमध्ये ठेवा.

तरीही आईला भरवायला, अंघोळ घालायला माणूसच लागतं. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सुप्रभात येतं. त्याच ग्रुपवर एक पाळीपत्रक करूया. ज्याच्या घरी असा रुग्ण आहे, त्याच्याकडे रविवारी दुपारभर आपल्यापैकी एकाने बसायचं. घरच्यांनी तेवढ्यात बाहेर जाऊन यायचं. बसणाऱ्यांत माझं नाव लिहा. आणि मदत हवी असलेल्यांतही.