‘त्यांनी आमच्यात यावं’ की ‘आपण एक व्हावं’? : ख्रिस्ती ऐक्यासाठी एकत्र प्रार्थना

(एपिसोडचा लिखित मजकूर. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)



दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या दिवसांत जगभर ‘ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताह’ पाळला जातो. नावात सप्ताह आहे, पण मोजून बघा, दिवस आठ भरतात. या आठ दिवसांत कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, ऑर्थोडॉक्स, मारथोमा असे वेगवेगळ्या चर्चचे लोक एका छताखाली बसून प्रार्थना करतात. निदान करावी अशी अपेक्षा असते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी याचा एक कार्यक्रम होतो, पाच-सहा पाळक आणि फादर स्टेजवर बसतात, हारतुरे होतात, चहा-समोसा होतो, ग्रुपवर फोटो पडतात. मग थेट पुढच्या जानेवारीत भेट.

म्हणून आज एकच प्रश्न घेऊ. ऐक्यासाठी एकत्र प्रार्थना करतो तेव्हा आपण नक्की मागतो काय? आणि ते मिळालं तर आपल्याला चालणार आहे का?

तुमचं चर्च कोणी ठरवलं?

आधी थोडं घरचं बघू. तुम्ही कॅथलिक का आहात? किंवा सीएनआयचे का आहात? पणजोबांनी ल्यूथर आणि पोप यांची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून, वाचून, विचार करून निर्णय घेतला होता का? बहुतेकांच्या बाबतीत तसं काही झालेलं नाही.

वसईत पोर्तुगीज आले म्हणून तिथे कॅथलिक. अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनने मोठं काम केलं. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी होती, म्हणजे अँग्लिकन. कोल्हापूर-मिरजेकडे अमेरिकेतले प्रेस्बिटेरियन. जालन्याला स्कॉटलंडचं फ्री चर्च. बऱ्याच प्रोटेस्टंट मिशनांचा आपसात समझोता असायचा की एकाच्या भागात दुसऱ्याने काम सुरू करायचं नाही. म्हणजे तुमचं गाव नकाशावर कुठे होतं, यावरून तुमचं चर्च ठरलं!

भांडण झालं होतं युरोपात, सोळाव्या शतकात. त्या भांडणात आपला एकही पूर्वज नव्हता. पण त्याचा वारसा मात्र आपण इमानेइतबारे सांभाळला. एकाच गावात दोन चर्च, दोन संडेस्कूल, दोन दफनभूमी. ‘ते’ मरियेची पूजा करतात, ‘ते’ बायबल वाचत नाहीत, ‘त्यांचा’ बाप्तिस्मा खरा नाही, ‘ते’ आपली मेंढरं पळवतात. ही वाक्यं तुम्ही कधी ना कधी, जेवणाच्या ताटावर बसून ऐकलेली असणार.

याचा अर्थ चर्चमधले फरक खोटे आहेत, असं मी म्हणत नाही. काही फरक खरे आहेत आणि गंभीर आहेत. पण कोणता फरक विश्वासाचा आहे आणि कोणता फक्त पत्त्याचा आहे, हे ओळखता आलं पाहिजे.

प्रार्थना तीच, मागणं वेगळं

आता या आठ दिवसांची गोष्ट. १९०८ साली न्यूयॉर्कजवळ ग्रेमूर इथे पॉल वॉटसन या अँग्लिकन धर्मगुरूने ही प्रार्थना सुरू केली. पुढच्याच वर्षी ते आपल्या छोट्या संघासह कॅथलिक चर्चमध्ये गेले. त्यांच्या दृष्टीने ऐक्य म्हणजे सगळ्यांनी रोमकडे परत येणं. साहजिकच, बाकीच्यांना ही प्रार्थना करणं अवघड होतं. कल्पना करा, शेजारी तुम्हाला म्हणतोय, ‘चल, आपण दोघं मिळून देवाकडे मागू की तुझं घर माझ्या नावावर होऊ दे.’ कोण आमेन म्हणेल?

मग १९३०च्या दशकात फ्रान्समधल्या लिआँ शहरातले एक कॅथलिक फादर, पॉल कूत्यूरिए, यांनी या प्रार्थनेचा रोख बदलला. रशियातून पळून आलेल्या निर्वासितांमध्ये त्यांनी काम केलं होतं. ते निर्वासित ऑर्थोडॉक्स होते. त्यांना मदत करता करता कूत्यूरिए यांना त्यांचा विश्वास जवळून दिसला. त्यांनी सुचवलं की आपण ऐक्य मागू या, पण ते ख्रिस्ताला हवं तसं असू दे, आणि त्याला हव्या त्या मार्गाने येऊ दे.

बदल छोटा दिसतो, पण सगळा खेळ त्यातच आहे. ‘त्यांना सुधार’ असं म्हणणाऱ्याला स्वतः जागचं हलावं लागत नाही. ‘तुला हवं तसं कर’ असं म्हणणाऱ्याने मात्र स्वतःलाही देवाच्या हातात दिलेलं असतं. उद्या देव म्हणाला, ‘ठीक आहे, सुरुवात तुझ्यापासून’, तर?

या प्रार्थनेचं मूळ योहानाच्या शुभवर्तमानात, १७व्या अध्यायात आहे. अटकेच्या आदल्या घटका आहेत. येशू शिष्यांसाठी प्रार्थना करतो, आणि त्यांच्या शब्दावरून पुढे विश्वास ठेवणाऱ्यांसाठीही करतो, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी. ते सगळे एक व्हावेत, म्हणजे जग विश्वास ठेवेल. ही मागणी त्याने शिष्यांकडे केलेली नाही, पित्याकडे केली आहे. म्हणजे आपण एकत्र येऊन नवीन काही सुरू करत नाही. त्याच्या चालू असलेल्या प्रार्थनेत जाऊन बसतो.

मध्येच एक शांतता

तुम्ही कधी अशा मिश्र प्रार्थनेत प्रभूची प्रार्थना म्हटली आहे? सगळे जोरात सुरू करतात. वाइटापासून सोडवण्याच्या ओळीपर्यंत सगळे बरोबर असतात. तिथे कॅथलिक मंडळी सवयीने थांबतात आणि प्रोटेस्टंट मंडळी राज्य, सामर्थ्य, गौरवाच्या शेवटच्या वाक्यात घुसतात. अर्धे गप्प, अर्धे चालूच. मग एकमेकांकडे बघून हसू येतं.

तसं पाहिलं तर कॅथलिक मिस्सामध्येही ते वाक्य आहेच. फक्त मध्ये फादर एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि त्यानंतर सगळे ते म्हणतात. म्हणजे शब्द दोघांकडे आहेत, थांबायची जागा वेगळी आहे. आपले कितीतरी फरक असेच आहेत.

पण सगळे नाहीत. प्रभुभोजनाचं बघा. कॅथलिक मिस्सामध्ये इतर चर्चच्या लोकांना साधारणपणे कम्युनियन दिलं जात नाही, आणि कॅथलिकांनाही इतरांच्या प्रभुभोजनात भाग घ्यायची मुभा नसते. ज्या घरात आई कॅथलिक आणि वडील प्रोटेस्टंट आहेत, त्या घरातल्या मुलांना हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं एक जण उठून पुढे जातो आणि दुसरा बाकावर बसून राहतो.

अशा वेळी दोन सोप्या वाटा असतात. एक म्हणजे ‘काही फरक नाही हो, सगळं एकच’ म्हणून विषय उडवून लावायचा. दुसरी म्हणजे ‘जमणारच नाही’ म्हणून यायचंच बंद करायचं. एकत्र प्रार्थना ही तिसरी वाट आहे. जिथे दुखतं तिथेच एकमेकांशेजारी बसून राहायचं. टेबल अजून एक नाही, हे लपवायचं नाही, आणि त्याची सवयही होऊ द्यायची नाही. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्यावरचा आदेश काढला आणि कॅथलिकांना इतर ख्रिस्ती लोकांबरोबर अशा प्रार्थनेत सामील व्हायला प्रोत्साहन दिलं. १९६८पासून या सप्ताहाचं साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात.

मद्रास आणि नागपूर

कोणी म्हणेल, प्रार्थनेने काही झालंय का आजवर? झालंय. आपल्याच देशात झालंय.

१९१० साली एडिंबरोमध्ये जागतिक मिशनरी परिषद भरली. तिथे व्ही. एस. अझरया नावाचे तरुण भारतीय धर्मगुरू बोलले. मिशनरी आमच्यासाठी पुष्कळ त्याग करतात, पण आम्हाला मित्र हवेत, असं त्यांनी गोऱ्या श्रोत्यांना तोंडावर सांगितलं. पुढे १९१९ साली तरंगमबाडीला तेच अझरया आणि इतर भारतीय पाळक एकत्र बसले. इतिहासाने लादलेली ही फूट आम्हाला का म्हणून, हाच त्यांचा प्रश्न होता. त्यातून बोलणी सुरू झाली आणि २७ सप्टेंबर १९४७ला मद्रासमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झालं. २८ वर्षं लागली. अझरया १९४५च्या पहिल्याच दिवशी वारले. ज्यासाठी आयुष्य घातलं ते त्यांनी पाहिलं नाही.

उत्तरेत तर आणखी वेळ लागला. १९२९ला चर्चा सुरू झाली, आणि २९ नोव्हेंबर १९७०ला आपल्या नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्च एक झाली. अँग्लिकन आणि बॅप्टिस्ट एका चर्चमध्ये! लहान मुलांना बाप्तिस्मा द्यावा की नाही, यावर शतकानुशतकं भांडलेले लोक. त्यांनी दोन्ही पद्धतींना एकाच चर्चमध्ये जागा दिली.

पण गोष्ट गोड करून सांगायची नाही. अमेरिकन परंपरेचं मेथडिस्ट चर्च इतकी वर्षं चर्चेत होतं आणि अगदी शेवटी, १९७०मध्येच, बाहेर पडलं. एकत्र आलेल्या चर्चमध्येही पुढे जमिनी आणि मालमत्तेवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. कागदावर सह्या झाल्या म्हणून मनं एक होतात असं नाही. प्रार्थना सह्यांच्या आधी जितकी लागते, तितकीच नंतरही लागते.

भिंत चर्चची की जातीची?

आता सगळ्यात अवघड भाग. २०१३ साली या सप्ताहाचं जगभरासाठीचं साहित्य भारतातून गेलं. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडियाला तेव्हा १०० वर्षं झाली होती. म्हणजे विद्यार्थ्यांची संघटना, तुमच्यासारख्यांची. त्यांच्याबरोबर कॅथलिक विद्यार्थ्यांची ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन होती, आणि जिचं मुख्यालय नागपुरात आहे ती नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाही होती.

त्यांनी मीखाच्या पुस्तकातला सहावा अध्याय निवडला. देवाला आपल्याकडून काय हवंय? हजारो मेंढ्यांचे बळी नकोत. न्यायाने वागणं, दया करणं आणि त्याच्याबरोबर नम्रतेने चालणं हवंय. आणि मग त्यांनी थेट दलितांचा प्रश्न मांडला. चर्च-चर्चमधल्या फुटीबद्दल बोलायचं आणि चर्चच्या आतल्या जातीबद्दल गप्प बसायचं, हे चालणार नाही.

आपण प्रामाणिकपणे विचारू या. लग्न जुळवताना घरात ‘कुठल्या चर्चचे?’ असं विचारतात, तेव्हा खरं काय जाणून घ्यायचं असतं? कॅथलिक मुलगी आणि प्रोटेस्टंट मुलगा, हे एक वेळ चालून जातं. पण ‘आपल्यातला’ नाही म्हटल्यावर, त्याच चर्चचा, त्याच बाकावर बसणारा मुलगाही चालत नाही. मग सांगा, भिंत नक्की कुठे आहे?

या भिंतीला हात न लावता केलेली ऐक्याची प्रार्थना म्हणजे नुसता कार्यक्रम. देव ती ऐकेलच, पण उत्तरात आपल्याला आधी त्या भिंतीपाशी नेऊन उभं करेल.

मग करायचं काय?

१९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे चर्चच्या प्रतिनिधींनी एक साधा प्रश्न स्वतःसमोर ठेवला. श्रद्धेतले खोल फरक जिथे खरोखर आडवे येतात, तेवढ्या गोष्टी सोडून बाकी सगळं आपण एकत्र का करू नये? नेहमी आपण उलट विचारतो, एकत्र काय करता येईल? आणि यादी कॅरल सिंगिंगवर संपते. लुंडचा प्रश्न घेतला तर पुरात अडकलेल्यांची मदत, रक्तदान, अभ्यासिका, आजाऱ्यांची भेट, दफनभूमीची साफसफाई, यातलं काहीच वेगवेगळं करायचं कारण उरत नाही.

तुमच्यासाठी तीन छोट्या गोष्टी.

एक. या आठ दिवसांत जवळच्या दुसऱ्या एका चर्चच्या उपासनेला जा. मागच्या बाकावर बसा. त्यांचे नियम पाळा. चुका काढायला जाऊ नका आणि कोणाला आपल्याकडे ओढायलाही जाऊ नका.

दोन. त्या चर्चच्या पाळकासाठी किंवा फादरसाठी नाव घेऊन रोज प्रार्थना करा. ज्याचं नाव रोज देवासमोर घेतो, त्याची खिल्ली उडवणारी रील फॉरवर्ड करायला बोट अडखळतं.

तीन. तुमच्यातले कित्येक जण सकाळी आईबाबांबरोबर जुन्या चर्चला आणि संध्याकाळी मित्रांच्या फेलोशिपला जातात. स्टेजवरच्या ऐक्याच्या कार्यक्रमांना ही नवी, स्वतंत्र चर्च बहुतेक वेळा नसतात. कधी त्यांना बोलावलं जात नाही, कधी त्यांनाच यायचं नसतं. दोन्हीकडे ओळख असलेले तुम्हीच आहात. ‘ते भावनेत वाहवतात’ आणि ‘ते मेलेलं चर्च आहे’ ही दोन्ही वाक्यं तुमच्या कानावर येतात. ती पलीकडे पोहोचवू नका. पोहोचवायचीच असतील तर माणसं पोहोचवा.

शेवटी एक छोटी प्रार्थना करू. ज्यांना म्हणायची आहे त्यांनी मनात म्हणा. ज्यांना नाही, त्यांनी क्षणभर शांत बसलात तरी चालेल.

प्रभू येशू, तू मागितलेलं ऐक्य आम्हालाही दे. आम्हाला सोयीचं वाटेल तसं नको, तुला हवं तसं दे. ज्यांना आम्ही ‘ते’ म्हणतो, त्यांच्यातलं तुझं काम आम्हाला दाखव. आमच्या घरातली, मनातली आणि जातीतली भिंत आम्हाला दिसू दे, आणि ती पाडायला आमचेच हात वापर. तुझ्या एका टेबलाशी आम्हा सगळ्यांना बसव. ते पाहायला आम्ही असू किंवा नसू. आमेन.

एपिसोड पटला असेल तर दुसऱ्या चर्चमधल्या एका मित्राला पाठवा. आणि नुसता पाठवू नका, त्याला फोन करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.